खांडबाऱ्यातली पोकळी

सोमवार, नंदुरबार

नंदुरबारला निघालेय म्हटल्यावर आमच्या कोल्हापुरातल्या निम्म्या माणसांनी ‘म्हणजे गुजरातेत का?’ असं विचारलं आणि उरलेल्या निम्म्यांनी ‘तिथं काय आहे?’ असं. तिथं मिरची आहे एवढं मला ठाऊक होतं. किती आहे, ते स्टेशनबाहेर आल्यावर कळलं. रिक्षात पाय ठेवायच्या आधीच मला लागोपाठ पाच शिंका आल्या. रिक्षावाला मागं न बघताच म्हणाला, “नवीन शेतस का ताई? दोन दिनमा नाक मरी जास.”

गावाबाहेर मिरची वाळत घालायच्या पथाऱ्या आहेत. मी अंगण डोळ्यांसमोर धरून गेले होते, आणि समोर नजर संपेपर्यंत लाल जमीन. मधेमधे तोंडाला फडकी बांधलेल्या बायका बसलेल्या, मिरचीची देठं खुडत. एवढ्या बायका एके जागी, आणि आवाज मात्र फक्त देठ तुटल्याचा. बोलायला तोंड उघडलं की ठसका लागतो, म्हणून सगळ्या गप्प. तांबड्या रश्शाच्या गावची मी, तिखटाचा तोरा मिरवणारी, पण दहा मिनिटांत डोळे पुसत रिक्षात परत येऊन बसले.

माझं कामही मिरचीचंच होतं. मी व्हॅक्यूमची माणूस. आमची छोटी कंपनी निर्वात ऊर्ध्वपातनाची यंत्रं बनवते, आणि ती बिघडली की मला पाठवते. मिरचीचा अर्क बाटलीत एकच द्रव दिसतो, पण त्यात रंग, तिखटपणा, तेल, मेण, वास असे डझनावारी पदार्थ एकमेकांत गुंतलेले असतात. ते सोडवायला उकळावं तर रंग करपतो. म्हणून भांड्यातली हवा जवळजवळ सगळी ओढून काढायची. मग गरम भिंतीवर पसरलेल्या पातळ थरातून सुटलेला रेणू वाटेत कुणालाही न धडकता समोरच्या थंड नळीवर जाऊन बसतो. भिंत आणि नळी यांच्यात जेमतेम चार बोटांचं अंतर. हलके आधी निघतात, जड मागे राहतात. उकळी नाही, बुडबुडा नाही. काचेच्या झरोक्यातून बघितलं तर कोरड्या नळीवर आपोआप थेंब उमटताना दिसतात. इतकी वर्षं हे यंत्र माझं लाडकं आहे, आणि इतकी वर्षं त्याच्याजवळ एकटीनं बसायला मला आवडलेलं नाही.

खांडबाऱ्याजवळच्या जगनभाऊंनी असं एक यंत्र आमच्याकडून चाचणीवर घेतलं होतं. सुरुवातीला छान चाललं. गेले काही महिने मात्र त्यात निर्वात टिकेना, माल खराब निघू लागला. आमच्या साहेबांनी मला स्पष्ट सांगून पाठवलं होतं : सलग चोवीस तास निर्वात टिकला तर सही करून ये. नाही टिकला तर शनिवारी ट्रक येईल आणि यंत्र परत घेऊन जाईल.

मंगळवार, खांडबारा

पॅसेंजरनं खांडबारा जवळच आहे. बाजाराचं गाव. स्टेशनातून बाहेर पडलं की बोली बदलते, टोपल्या बदलतात, बायकांच्या लुगड्याची नेसण बदलते. जगनभाऊ न्यायला आले होते. मूळचे सारंगखेड्याकडचे बागायतदार, अंगानं थोराड, बोलायला मऊ. वाटेभर त्यांनी मला तापीकाठचे घोडे, घोड्यांचे बाजार आणि घोड्याचं वय दातांवरून कसं ओळखायचं हे समजावून सांगितलं. यंत्राचा विषय काढला की म्हणत, “ते देखसू ना ताई, पहिले चा पी ल्या.”

शेताच्या कडेला पत्र्याची शेड, शेडमागे छोटी पथारी, पथारीपलीकडे डोंगरांची निळी रेघ. यंत्र ठाकठीक होतं. पंपाचं तेल स्वच्छ, जोड घट्ट. सकाळभर चालवलं, गेजवरचा दाबाचा आकडा पाहिजे तिथं उतरला आणि तिथंच बसला. मला वाटलं, झालं काम. उद्या सही करून परत.

“रतन कुठाय?” मी विचारलं. हे यंत्र चालवायला शिकायला रतन नावाचा एक तरुण ऑपरेटर आठ दिवस कोल्हापूरला आला होता. मीच शिकवलं होतं त्याला. हुशार होता, सतत काहीतरी विचारायचा.

जगनभाऊंनी हातातला पाना खाली ठेवला. “गया तो ताई. गेल्या पावसाळामा. सिकलसेल व्हता त्याले. तवयपाशी मशीन मीच चालाडस.”

मला त्याचा चेहरा नीट आठवेना, आणि त्याची मला लाज वाटली.

दुपारी जगनभाऊ जेवायला घरी घेऊन गेले. डबा आणलाय म्हटलं तर ऐकेनात. खानदेशात पाहुण्यानं डबा काढणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारल्यासारखं. कळण्याची भाकरी, शेवभाजी, मिरचीचा ठेचा, वर कच्चा कांदा. आमच्याकडे रस्सा तिखट असतो, इथं तेलाचा तवंगसुद्धा तिखट. जेवण चांगलं तासभर चाललं. मला घाई होती, जगनभाऊंना मुळीच नव्हती.

परत आलो तर गेजवरचा आकडा शंभर पटीनं चढलेला. मी पडद्यावरचा आलेख मागे नेऊन पाहिला. पावणेदोनला एकदम उडी, आणि मग पंपानं ती हळूहळू खाली आणलेली. कालचा आलेख काढला. पावणेदोन. परवाचा काढला. पावणेदोन. जोडातून होणारी गळती घड्याळ बघून येत नसते. माझ्या मानेवर बारीक काटा आला, आणि तो घामानं आलाय अशी मी स्वतःची समजूत घातली.

बुधवार

रबराच्या सगळ्या कड्या बदलल्या. प्रत्येक जोडावर ॲसिटोन फवारून आकडा उडतो का ते बघितलं. कुठंही काही नाही. मग कोल्ड ट्रॅप उघडला. यंत्र आणि पंप यांच्यामध्ये हे एक थंडगार नळकांडं असतं. द्रवातून सुटलेलं जे काही हलकं आहे ते पंपात जायच्या आधी तिथं गोठून बसतं. थंडाव्यासाठी द्रव नायट्रोजन लागतो. तो इथं कसा मिळवता म्हणून विचारलं, तर गुरांच्या दवाखान्यात वळूचं बीज गोठवून ठेवायला जी गाडी तो आणते, तीच जगनभाऊंच्याही पिंपात ओतून जाते. मला हे इतकं आवडलं की क्षणभर पावणेदोनची उडी विसरले.

ट्रॅपमध्ये थोडं पाणी, थोडं मागं राहिलेलं द्रावक सापडायला हवं होतं. निघालं वाटीभर. वितळू दिलं, नाकाजवळ नेलं. गोड, जड, आंबलेल्या फुलांचा वास.

“जगनभाऊ, याला कसला वास येतोय?”

त्यांनी वास घेतला नाही. दुरूनच म्हणाले, “मोहना शे.”

मोहाची दारू! मिरचीच्या अर्कात मोह कुठला? यंत्र सीलबंद, हवा शिरायला जागा नाही, आणि पोटात दारू. “कुणी ओतलीय का यात?” मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. जगनभाऊ म्हणाले, जेवण थंड होतंय.

त्या दिवशी मी भाजी पोळीत गुंडाळून घेतली आणि अर्ध्या जेवणातून उठून एकटीच परत निघाले. शेडपाशी पोचायच्या आधीच मला तो आवाज ऐकू आला. लांबलचक, बारीक, आत ओढल्यासारखा. झोपेतलं माणूस दीर्घ श्वास घेतं ना, तसा, पण सोडला न जाणारा. पथारीवरच्या बायकांनी देठं खुडायचं थांबवलं होतं. एकेक करून त्या शेडकडे पाठ करून बसल्या आणि त्यांनी पदर पुढं ओढले. 

“काय चाललंय?” मी जवळच्या बाईला विचारलं.

तिनं तोंडावरचं फडकं खाली केलं. “बोलू नको बाई. रतन जेवी ऱ्हायना.” म्हणजे, रतन जेवतोय.

मी धावत शेडमध्ये गेले. कुणीही नव्हतं. मागचं दार लोटलेलं. आकडा चढत होता. झरोक्यातून आत बघायचा मला धीर झाला नाही, हे सांगायला आता लाज वाटत नाही. तेव्हा वाटली होती.

गुरुवार

सकाळी ठरवूनच टाकलं, आज जेवायला जायचं नाही. जगनभाऊंचा चेहरा पडला. “न जेवता ऱ्हासात ताई?” दोनदा म्हणाले. मग एकटेच गेले. मी यंत्रामागं, तेलाच्या पिंपांच्या आडोशाला स्टूल टाकून बसले. पंपाची घरघर सोडली तर कसलाही आवाज नाही. नळीवर थेंब उमटत होते, लाल, एकामागून एक.

दीडच्या पुढं मागचं दार उघडलं. पथारीवरचीच एक म्हातारी आत आली. मिरचीनं हात लाल झालेले, बोटं वाकडी. तिनं आधी हात धुतले. मग कमरेच्या कापडातून पळसाच्या पानांचा द्रोण काढला, छोट्या बाटलीतलं काहीतरी त्यात ओतलं आणि खाली बसून नमुना काढायच्या तोटीखाली धरला. तोटीचं टोक द्रोणात बुडालं. ओठ हलवत काहीतरी पुटपुटली, आणि तिनं तोटीचा कॉक थोडासा फिरवला.

द्रोणातल्या द्रवाची पातळी झरझर खाली गेली. एका दमात. मग द्रोण रिकामा झाला आणि तो लांब श्वास सुरू झाला. पानं तोटीला चिकटून थरथरत होती. म्हातारीनं कॉक बंद केला आणि यंत्राच्या पोलादी पोटावरून तळवा फिरवला, मुलाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

गळती सापडली होती. नेमकं काय होतंय तेही कळलं होतं. मी स्टुलावरून उठले.

तिनं मला पाहिलं. घाबरली नाही. “तूच का ती कोल्हापूरनी बाई?” म्हणाली. ती रतनची आई, गोमीबाई. घरची बोली तिची वेगळी, माझ्याशी बोलली ती बाजारातल्या अहिराणीत.

त्यांच्या पाड्यावर मोहाची भट्टी लागली की पहिली धार कुणी पीत नाही. मेलेल्यांची नावं घेऊन ती जमिनीवर सोडतात, मग जिवंत माणसांनी प्यायचं. रतन गेल्यावर गोमीबाईला वाटलं, लेकाची भट्टी तर ही. याच भट्टीची पहिली धार त्याच्या नावानं सोडावी. म्हणून एके दुपारी तिनं द्रोण तोटीखाली धरून कॉक उघडला. मोहाच्या भट्टीला तोटी उघडली की धार बाहेर येते. तिला हे यंत्र तेवढंच माहीत. द्रोणात आधीची थोडी दारू होती. बाहेर काही आलं नाही. द्रोणातलंच आत गेलं.

“जमीनवर टाकं ते तठेच पडी ऱ्हास,” ती म्हणाली. “पेस का नही, कोनले मालूम? आठे तो पी गया. मन्हा डोयाम्होरे पी गया.”

“गोमीबाई, ते यंत्र ओढतं. आत काही नाही, म्हणून बाहेरचं आत जातं. आत कुणी नाहीये.”

“तेच ना,” ती म्हणाली. “तुनीच त्याले सांगं. कोल्हापूरथून उना तो रोज सांगे, माय, ती बाई म्हनस मझार काहीच नही. वारासुद्धा नही. मंग जठे वारा नही, दम नही, मरेल मानूस तठेच ऱ्हाई ना? आखो कोठे जाई?”

माझं वाक्य होतं ते. शेकडो लोकांना शिकवताना म्हटलेलं. रतननंही विचारलं असणार, मॅडम, आत काय असतं? आणि मी चहा पिता पिता म्हणाले असणार, काही नाही रे, हवासुद्धा नाही.

आता तिला समजावून सांगणं माझं काम होतं. दाब कसा, ओढ कशी, सगळं. मला ते झालं नाही. मी फक्त तिला खरी गोष्ट सांगितली : उद्या दुपारपर्यंत आकडा हलला नाही तरच यंत्र राहील. नाहीतर परवा ट्रक येईल, यंत्र जाईल. म्हणजे ज्याला तू जेवायला घालतेस तो जिथं आहे असं तुला वाटतं, ते सगळंच जाईल.

तिनं रिकामा द्रोण घडी करून कमरेला खोचला. “एक रोज उपाशी ऱ्हाई का तो?”

“राहील,” मी म्हणाले. आणि असं बोलल्याबद्दल मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

जगनभाऊ परत आले तेव्हा मी सांगितलं, गळती सापडली. कुठं होती, असं त्यांनी विचारलंच नाही. “सापडनी ना? मंग बस,” एवढंच म्हणाले आणि तिकडं तोंड करून पाना पुसत राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तासभर लांबणारी जेवणं, घोड्यांच्या गोष्टी, थंड होणारी भाकरी. माणूस सगळं जाणून होता. तिला थांबवणं त्याच्या जिवावर आलं होतं, म्हणून तो रोज त्या वेळी शेडबाहेर राहायचा, आणि यंत्र जाऊ नये म्हणून त्यानं कोल्हापूरहून मला बोलावून घेतलं.

शुक्रवार

आकडा हलला नाही. चोवीस तासांत एकदाही नाही. रंग वेगळा, तिखट वेगळं, दोन्ही बाटल्या काचेसारख्या स्वच्छ. मी सही केली. जगनभाऊंनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

आता यंत्र थंड करून आत हवा सोडायची, उघडून धुवायचं, असा शिरस्ता. गोमीबाई पावणेदोनपासून मागच्या दारात बसून होती. आज हात रिकामे. मी हवेच्या कॉकपाशी गेले तशी ती उठून आली.

“काय करी ऱ्हायनी?”

“आत हवा सोडते. मग यंत्र उघडता येतं.”

 यंत्र अधूनमधून धुतलं जातं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला भीती दिसली.

“मझार वारा गया,” ती म्हणाली, “म्हंजे तो कोठे जाई?”

इतकी वर्षं मी या धंद्यात आहे.  उत्तर द्यायची खोड जात नाही. मी पिशवीतून माझा चहाचा स्टीलचा थर्मास काढला आणि तिच्या हातात दिला. सांगितलं, याला दोन पत्रे असतात, एकात एक. त्या दोन पत्र्यांच्या मध्येही तसंच आहे. हवा नाही. कारखान्यात एकदाच काढली आणि कायमची बंद केली. हे कधीच भरत नाही. घरी घेऊन जा.

तिनं थर्मास उलटापालटा करून पाहिला. कानाला लावला. नखानं वाजवला. मला वाटलं, जमलं.

“तोटी कोठे शे याले?”

“तोटी नाही. हे उघडतच नाही.”

“कधीच नही?”

“कधीच नाही.”

तिनं तो सावकाश माझ्या हातात परत दिला. “मंग नको बाई,” ती म्हणाली. “पोऱ्याले कोंडीसन नही ठेवानं.”

मी थर्मास पिशवीत ठेवला. जगनभाऊ दारात येऊन उभे होते.

“कोनता कॉक?” तिनं विचारलं.

मी दाखवला. मी फिरवते, असं म्हणाले, तर तिनं मान हलवली. लाल बोटांनी पकडून तिनं तो स्वतः फिरवला, थोडा, मग आणखी, मग पूर्ण. तो आवाज सुरू झाला. तिच्या बोलीत ती काहीतरी सांगत होती, भरभर, गाडीत बसलेल्या माणसाला खिडकीतून सांगतात तसं. मला एक अक्षरही कळलं नाही आणि मी अर्थ विचारला नाही. आकडा चढत गेला, चढत गेला. आवाज बारीक होत होत थांबला.

गोमीबाईनं कॉकवरचा हात काढला, लुगड्याला पुसला आणि म्हणाली, “गया.”